प्लगइन आणि थीमचं भांडण: माझ्या सर्व्हेतून मोठी कुटुंबं कशी गायब झाली



संशोधनाच्या तयारीत असलेल्यांकडून मला नेहमी येणारा एक प्रश्न: "ऑनलाइन सर्व्हे करायचाय, वेबसाइट स्वतःच बनवली तर चालेल ना?" चालेल. मीही बनवली होती. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. सर्व्हेची वेबसाइट म्हणजे नुसतं पोस्टर नाही. लॅबमधल्या मुलांचं जसं वजनकाटा किंवा थर्मामीटर, तसं ते तुमचं मोजायचं उपकरण आहे. काटा बिघडला तर आकडे चुकतात, आणि चुकीचे आकडे दिसायला बरोबर आकड्यांसारखेच असतात.

आज त्याच बिघाडाबद्दल लिहितेय. वर्डप्रेसवर प्लगइन आणि थीमचे इफेक्ट एकमेकांच्या आड येतात तेव्हा दोष कसा शोधायचा, आणि तो शोध म्हणजे संशोधनाचीच तालीम कशी आहे, हे माझ्याच फजितीवरून सांगते.

काय झालं होतं

माझा विषय घरगुती पाणी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही कर्जत लाइनवरची लागून असलेली शहरं. उल्हास नदी आणि एमआयडीसीचं बारवी धरण जवळ, तरी पाण्याच्या वेळा सांभाळत जगणारी घरं भरपूर. कारभारही वेगळा: उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगरपरिषदा. मला बघायचं होतं की पाणी भरण्यात घरातल्या कुणाचा किती वेळ जातो.

पायलट सर्व्हेसाठी वर्डप्रेसवर साइट केली. तयार थीम घेतली, फॉर्मसाठी एक प्लगइन टाकलं. फॉर्मचे दोन भाग होते. पहिल्या भागात भाग किंवा कॅम्प नंबर, पाणी किती दिवसांनी येतं, आणि घरात माणसं किती. तिथे जो आकडा टाकाल तितके गट दुसऱ्या भागात आपोआप उघडायचे. प्रत्येक माणसामागे तीन प्रश्न: वय किती, पाणी भरायला हात लावता का, आणि त्यात दिवसाचा किती वेळ जातो. सगळ्यात खाली "पाठवा" हे बटण.

थीममध्ये एक छान इफेक्ट होता. पान खाली सरकवलं की मजकुराचे तुकडे हळूच उमटायचे. फार प्रोफेशनल दिसायचं. मी खूश.

दोनेक आठवड्यांनी आलेली उत्तरं बघताना गाईड मॅडम म्हणाल्या, "तुझ्याकडे मोठी कुटुंबं का नाहीत गं?" खरंच, सहा किंवा जास्त माणसांची घरं जवळजवळ नव्हतीच. माझ्याकडे उत्तर तयार होतं: "मॅडम, आता नवीन टॉवर झालेत, सगळी छोटी कुटुंबं." आणि मी तसा एक परिच्छेद लिहूनही टाकला होता. तो परिच्छेद वाचायला इतका पटणारा होता की आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मग उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका काकूंचा फोन आला. त्यांना लिंक मीच दिली होती. त्या म्हणाल्या, "बेटा, तुझा कागद तर कोरा आहे. पण कोऱ्या जागेवर बोट लावलं की टायपिंगचं वर येतं."

कोऱ्या जागेवर बोट लावल्यावर कीबोर्ड वर येतो, याचा अर्थ प्रश्न तिथे होते. फक्त दिसत नव्हते.

आधी थोडं समजून घेऊ: एकाच पानावर तिघं जण

वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं. त्याची रचना लग्नाच्या हॉलसारखी आहे. हॉल म्हणजे मूळ वर्डप्रेस, ज्याला कोअर म्हणतात. डेकोरेटर म्हणजे थीम, आणि केटरर, साउंडवाला, फोटोग्राफर ही प्लगइन. प्रत्येक जण आपापलं काम नीट करतो. पण डेकोरेटरला केटररचं काउंटर कुठे लागणार हे माहीत नसतं. त्याने सुंदर पडदा नेमका काउंटरसमोर सोडला, तर चूक कुणाची? पडदाही चांगला आणि जेवणही चांगलं. पाहुणे मात्र उपाशी.

ब्राउझरमध्ये या सगळ्यांचा कोड एकाच पानावर येतो. त्यामुळे भांडणं साधारण तीन प्रकारची होतात.

१. स्क्रिप्टचं भांडण. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची जुनी, खूप वापरली जाणारी लायब्ररी. तिचं टोपणनाव $ हे चिन्ह. हेच चिन्ह इतर लायब्रऱ्याही वापरू शकतात, म्हणून वर्डप्रेस आपली जेक्वेरी 'नो कॉन्फ्लिक्ट' पद्धतीने चालवतं. म्हणजे तिथे नुसतं $ चालत नाही, जेक्वेरी हे पूर्ण नाव लिहावं लागतं. इंटरनेटवरून उचललेला तुकडा थीममध्ये चिकटवला की बहुतेक वेळा इथेच ठेच लागते, आणि "$ हे फंक्शन नाही" अशा अर्थाची लाल ओळ येते.

एक बारकावा लक्षात ठेवा. एका स्क्रिप्टमध्ये चूक आली की त्या स्क्रिप्टचं पुढचं काम थांबतं, बाकीच्या वेगळ्या स्क्रिप्ट चालू राहतात. पण साइट वेगवान करणारी काही प्लगइन सगळ्या स्क्रिप्ट एकत्र करून एकच फाइल बनवतात. मग स्लायडरमधल्या चुकीने त्याच्या मागे असलेला फॉर्मही बंद पडतो, आणि आपण फॉर्मला दोष देत बसतो.

२. दिसण्याचं भांडण. इथे लाल ओळ येत नाही, म्हणून हे जास्त फसवं. थीम एखाद्या तुकड्याला 'ट्रान्सफॉर्म' लावून हलवते. त्या तुकड्याच्या आत प्लगइनचा पॉपअप असला, तर तो पूर्ण स्क्रीनवर चिकटून राहायच्या ऐवजी त्या तुकड्यापुरताच अडकतो. 'झेड-इंडेक्स'चा आकडा कितीही वाढवला तरी पॉपअप मेन्यूच्या मागेच राहतो, कारण ट्रान्सफॉर्म किंवा एकपेक्षा कमी ओपॅसिटी लागली की त्या तुकड्याची स्वतंत्र थप्पी तयार होते. आतला आकडा त्या थप्पीतच मोजला जातो, बाहेर त्याला किंमत नाही.

३. वेळेचं भांडण. उमटणारा इफेक्ट करायची नेहमीची पद्धत अशी: मजकूर आधी अदृश्य ठेवायचा (ओपॅसिटी शून्य), आणि योग्य क्षणी स्क्रिप्टने तो दाखवायचा. स्क्रिप्ट उशिरा आली, किंवा वेग वाढवणाऱ्या प्लगइनने ती मागे ढकलली, तर मजकूर तसाच अदृश्य राहतो. तुमच्या घरच्या वायफायवर हे कधीच दिसणार नाही. गर्दीच्या लोकलमध्ये, नेटवर्क रडतखडत चालत असताना दिसेल.

कधी कधी तुम्ही काहीही न बदलता बिघाड होतो. याचं मोठं उदाहरण ऑगस्ट २०२०मधलं. वर्डप्रेस ५.५मध्ये जेक्वेरी मायग्रेट नावाचं साहाय्यक काढून टाकलं गेलं. जुन्या पद्धतीचा कोड नव्या जेक्वेरीत चालवून घेणं हे त्याचं काम. जेक्वेरीने 'लाइव्ह' नावाचं फंक्शन २०१३च्या १.९ आवृत्तीतच काढलं होतं, पण मायग्रेटच्या आधारावर ते वापरणाऱ्या थीम आणि प्लगइन चालत राहिल्या होत्या. आधार निघाला आणि अनेक साइटवरचे स्लायडर, मेन्यू, बटणं बंद पडली. तो आधार तात्पुरता परत देणारं वेगळं प्लगइन वर्डप्रेसच्या टीमला काढावं लागलं. लोकांना वाटलं, अपडेटने साइट मोडली. खरं तर मोडकं आधीपासूनच होतं, फक्त झाकलेलं होतं.

दोष शोधायचा कसा

आता मूळ गोष्टीकडे. मी काय केलं ते क्रमाने सांगते, चुकांसकट.

पायरी १: बिघाड आपल्या डोळ्यांसमोर घडवून आणा. माझ्या लॅपटॉपवर फॉर्म व्यवस्थित होता. माझ्या मोबाइलवरही. इथे "माझ्याकडे तर चालतंय" म्हणून फोन ठेवायचा मोह होतो. मी काकूंच्या घरी गेले आणि त्यांना पहिल्यापासून भरायला सांगितलं. मधे बोलले नाही. चार गोष्टी लिहून घेतल्या: फोन कोणता, ब्राउझर कोणता, काय काय भरलं, कोणत्या क्रमाने भरलं. शेवटची गोष्ट लोक लिहीत नाहीत, आणि पुढे तीच कामाला आली.

पायरी २: चालू साइटला हात लावू नका. सर्व्हे चालू असताना सेटिंग बदलत बसलात, तर सकाळी भरणाऱ्याला एक फॉर्म आणि संध्याकाळी भरणाऱ्याला दुसरा फॉर्म मिळतो. म्हणजे उपकरणच बदललं. मी फॉर्म थांबवून "थोड्या दिवसांत परत सुरू करतो" अशी सूचना लावली आणि साइटची दुसरी प्रत बनवली. हिला स्टेजिंग म्हणतात, बऱ्याच होस्टिंगवर ही सोय असते. ती नसेल तर 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हे प्लगइन आहे. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये प्लगइन बंद आणि थीम बदललेली फक्त तुम्हाला दिसते, बाकीच्यांना साइट पहिल्यासारखीच. काहीही करायच्या आधी बॅकअप घ्या, हे वेगळं सांगत नाही.

पायरी ३: जुन्या प्रती पुसा. कॅशे प्लगइन, होस्टिंग आणि ब्राउझर, तिघंही पानाची प्रत साठवून ठेवतात. बदल केला आणि फरक दिसला नाही, तर कदाचित तुम्ही कालचंच पान बघताय. कॅशे रिकामी करा आणि इन्कॉग्निटो विंडोत बघा. प्रत्येक बदलानंतर हेच करा.

पायरी ४: कन्सोल उघडा. कॉम्प्युटरवर एफ-१२ दाबून कन्सोल या टॅबमध्ये जा. लाल ओळ असेल तर शेजारी फाइलचं नाव असतं. त्या पत्त्यात 'थीम्स' किंवा 'प्लगइन्स' हे फोल्डर दिसतं, म्हणजे निदान मोहल्ला कळतो. माझ्या कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नव्हती. हीसुद्धा माहितीच. स्क्रिप्टचं भांडण बहुधा नाही, दिसण्याचं किंवा वेळेचं असावं.

पायरी ५: एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी थीम. वर्डप्रेससोबत येणारी एखादी साधी थीम लावली आणि काकूंसारखाच फॉर्म भरला. प्रश्न दिसले! मी लगेच वहीत लिहिलं, "दोषी: थीम." थीम बनवणाऱ्यांना पाठवायचं तक्रारीचं पत्रही मनात तयार झालं.

पण सवयीने उलटंही करून बघितलं. मूळ थीम परत लावली आणि फॉर्मचं प्लगइन बदलून दुसऱ्या प्लगइनचा एक साधा, न वाढणारा फॉर्म ठेवला. तोही दिसला. मग दोषी प्लगइन? मांडणी अशी झाली:

- थीमचा इफेक्ट चालू, वाढणारा फॉर्म: बिघाड
- थीमचा इफेक्ट नाही, वाढणारा फॉर्म: ठीक
- थीमचा इफेक्ट चालू, साधा फॉर्म: ठीक
- थीमचा इफेक्ट नाही, साधा फॉर्म: ठीक

संख्याशास्त्र शिकलेल्यांनी ओळखलं असेल. हा दोन बाय दोनचा प्रयोग आहे, आणि परिणाम कुठल्याही एका घटकाचा नाही, दोघांच्या एकत्र येण्याचा आहे. याला इंटरॅक्शन म्हणतात. मी पहिल्या चाचणीवर थांबले असते तर "थीम खराब" हा निष्कर्ष घेऊन घरी गेले असते. दुसरी चाचणी आधी केली असती तर "प्लगइन खराब" म्हटलं असतं. दोन्ही वेळा पुरावा हातात, आणि दोन्ही वेळा अर्धवट.

प्लगइन खूप असतील तर? माझ्याकडे तेव्हा मोजकीच होती. तुमच्याकडे सोळा असतील तर एकेक बंद करत बसू नका. निम्मी बंद करा. बिघाड गेला तर दोषी बंद केलेल्या आठांत, राहिला तर चालू असलेल्या आठांत. मग त्या आठांचे चार, चारांचे दोन, दोनांतलं एक. चार चाचण्यांत काम होतं. बिल्डिंगची पाइपलाइन कुठे गळते हे शोधताना प्लंबर व्हॉल्व बंद करत जातो तसंच.

फक्त या पद्धतीत एक गृहीतक लपलेलं आहे: दोषी एकटाच आहे. दोन प्लगइन एकत्र आल्यावरच बिघाड होत असेल आणि ती दोघं वेगवेगळ्या निम्म्यात गेली, तर कुठलंही निम्मं बंद केलं तरी सगळं ठीक दिसेल. तसं झालं तर गोंधळू नका. पद्धत चुकलेली नाही, गृहीतक चुकलंय, आणि जोडी शोधायची आहे हे तिने तुम्हाला सांगितलंय.

पायरी ६: "कोण"नंतर "कधी" विचारा. दोघं मिळून बिघाड करतात हे कळलं. पण मग माझ्या मोबाइलवर, त्याच थीममध्ये, त्याच प्लगइनचा फॉर्म का दिसत होता? वही उघडली. काकूंनी भरलेली माणसं: सात. मी दर वेळी चाचणी करताना भरलेली माणसं: चार. आई, बाबा, भाऊ, मी. फॉर्म तपासताना मी प्रत्येक वेळी स्वतःचंच घर भरत होते.

मग बाकी काही न बदलता फक्त माणसांचा आकडा बदलत गेले. एक, दोन, तीन... पाचपर्यंत दिसतं. सहाला पान कोरं.

पायरी ७: आता आतलं यंत्र बघा. कोऱ्या जागेवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' केलं. ओपॅसिटी शून्य. म्हणजे "दिसू दे" हा हुकूम त्या तुकड्याला मिळालाच नव्हता. थीमच्या स्क्रिप्टमध्ये इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर नावाची ब्राउझरची सोय वापरली होती. ती एखाद्या तुकड्याचा किती हिस्सा स्क्रीनवर आला हे मोजते. थीमची अट होती ०.५. तुकडा निम्मा स्क्रीनवर आला की दाखवा.

आता गणित करा. मोबाइलवर पान दिसायची उंची समजा ६४० पिक्सेल. माझ्या फॉर्मच्या दुसऱ्या भागात शीर्षक आणि बटण मिळून सुमारे ३००, आणि प्रत्येक माणसामागे १८०.

पाच माणसं: ३०० + ९०० = १२००. स्क्रीनवर एका वेळी जास्तीत जास्त ६४०, म्हणजे ०.५३. अट पूर्ण.

सहा माणसं: ३०० + १०८० = १३८०. जास्तीत जास्त ६४०, म्हणजे ०.४६. अट कधीच पूर्ण होणार नाही, कितीही वर-खाली सरकवा.

लॅपटॉपवर तेच गट एका ओळीत तीन-तीन बसायचे, त्यामुळे उंची कमी आणि अडचण नाही. मोठा मोबाइल असेल तर सीमा थोडी पुढे सरकते. म्हणजे बिघाडासाठी तीन गोष्टी एकत्र लागत होत्या: छोटा फोन, मोठं कुटुंब, आणि तो इफेक्ट. थीम बनवणाऱ्याने छोटे परिच्छेद आणि फोटो डोळ्यांसमोर ठेवले असणार, प्लगइन बनवणाऱ्याने कितीही वाढणारा फॉर्म. दोघांचंही बरोबर.

मग मोठ्या कुटुंबांची थोडीफार उत्तरं आली ती कशी? इथे "कोणत्या क्रमाने" ही नोंद कामाला आली. काही जण भरण्याआधी पूर्ण पान खाली सरकवून "किती प्रश्न आहेत" ते बघतात. तेव्हा दुसरा भाग छोटा असतो, अट पूर्ण होते, तो दिसतो आणि एकदा दिसला की दिसतच राहतो. जे वरून खाली शिस्तीत भरत आले, ते अडकले. "कधी होतं, कधी नाही" अशी तक्रार आली की ती उडवून लावू नका. बहुतेक वेळा त्यामागे न नोंदवलेलं एक कारण असतं.

पायरी ८: दुरुस्ती करा, मग ती काढून बघा. मी फॉर्मच्या भागापुरता इफेक्ट बंद केला. अतिरिक्त सीएसएसमध्ये त्या भागाची ओपॅसिटी सक्तीने एक केली. थीमच्या मूळ फाइलमध्ये बदल करू नका, पुढच्या अपडेटला तो पुसला जातो. चाइल्ड थीम किंवा अतिरिक्त सीएसएस वापरा.

दिसायला लागलं म्हणून थांबू नका. ती ओळ काढून बिघाड परत येतो का बघा. परत आला, पुन्हा लावल्यावर गेला, तरच कारण पकडलं म्हणता येईल. नाहीतर मधल्या वेळात कॅशे रिकामी झाल्याने फरक पडला असण्याची शक्यता राहते. मी एक ते दहा माणसं, लहान फोन, मोठा फोन आणि लॅपटॉप, असा तक्ता करून प्रत्येक रकाना तपासला. दीड तास गेला. हेच सुरुवातीला केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

वेबसाइट दुरुस्त झाली, डेटाचं काय?

तांत्रिक लेख इथे संपतो. आपलं काम इथून सुरू होतं.

आलेली उत्तरं खोटी नव्हती. प्रत्येक जण खरं बोलला होता. पण जे बोलू शकले नाहीत ते कुणीही नव्हते. ज्या घरात माणसं जास्त, तिथे पाणीही जास्त लागतं आणि भरायला वेळही जास्त जाणार, हाच तर माझा विषय! डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली गहाळ डेटाची मांडणी करताना विचारलेला प्रश्न हाच होता: उत्तर गहाळ होण्याचं कारण आणि उत्तर यांचा संबंध आहे का? शाई सांडून कुठलाही कागद खराब झाला तर नुकसान फक्त संख्येचं. पण तुम्ही जे मोजताय त्याच्यामुळेच कागद गहाळ होत असेल, तर उरलेल्यांची सरासरी काढून काही उपयोग नाही. त्यात आणखी शंभर उत्तरं त्याच फॉर्मवर गोळा केली असती तर चूक कमी झाली नसती, फक्त माझी खात्री वाढली असती.

मी तीन गोष्टी केल्या. पायलटमधली मोबाइलवरून आलेली उत्तरं मुख्य विश्लेषणातून बाजूला काढली, पण पुसली नाहीत. ज्यांना मी स्वतः लिंक दिली होती त्यांना पुन्हा विचारलं, आणि ज्यांना फोनवर भरायचं नव्हतं त्यांच्याकडे छापील फॉर्म घेऊन गेले. आणि पद्धतीच्या प्रकरणात हा सगळा प्रकार तारखांसकट लिहिला. लिहिताना लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, "हे लपवलंस तर तुझी चूक. लिहिलंस तर तुझी पद्धत."

तो "नवीन टॉवर, छोटी कुटुंबं" वाला परिच्छेद मी काढून टाकला. तसं असेलही कदाचित. पण माझ्या डेटाने ते सांगितलेलं नव्हतं, माझ्या थीमने सांगितलं होतं.

सर्व्हे सुरू करायच्या आधी

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा:

- वर्डप्रेस, थीम आणि प्रत्येक प्लगइनची आवृत्ती आणि तारीख. सर्व्हे चालू असताना आपोआप होणारे फीचर अपडेट थांबवा. सुरक्षेचं अपडेट आलंच तर करा, पण नोंद ठेवा आणि लगेच फॉर्म तपासा.
- फॉर्मच्या पानावर इफेक्ट नकोच. उमटणारा मजकूर, लोडिंगची चक्री, सरकणारे फोटो, काही नको. उत्तर देणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.
- प्लगइन जितकी कमी तितकं बरं. दहा वस्तूंच्या जोड्या पंचेचाळीस होतात, वीस वस्तूंच्या एकशे नव्वद. प्रत्येक जोडी म्हणजे भांडणाची एक शक्यता.
- चाचणी करताना स्वतःचं घर भरू नका. सगळ्यात लहान आकडा, सगळ्यात मोठा आकडा, सगळ्यात लांब नाव, सगळ्यात जुना फोन, सगळ्यात रडकं नेटवर्क.
- किती जणांनी फॉर्म उघडला आणि किती जणांनी पाठवला, हे दोन्ही मोजा. मी फक्त पाठवलेले मोजत होते. दोन आकड्यांतली दरी तिथेच होती, मी बघितली नव्हती.
- फॉर्मवर तुमचा फोन नंबर ठळक द्या. माझा बिघाड कुठल्याही सॉफ्टवेअरने पकडला नाही. एका काकूंनी फोन केला म्हणून कळलं. ज्यांनी फोन न करता पान बंद केलं असेल ते किती, हे मला कधीच कळणार नाही.

काकूंचा फॉर्म शेवटी मी त्यांच्या ओट्याशेजारी बसून भरला. सात माणसं, आणि पाणी भरायला सकाळी उठणारी एकच, त्या स्वतः. हेच उत्तर माझ्या साइटने दोन आठवडे कोऱ्या पानाखाली झाकून ठेवलं होतं.